नरडाणा ते पाटणे : एका कवचाच्या तुकड्याचा शोध

नरडाण्याच्या एका शाळेत खडकांविषयी बोलण्यासाठी आम्ही गेलो होतो. तास संपत आला, तेव्हा नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, आपल्याकडे डायनोसॉर सापडतो का?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. आम्ही सांगितले की, खानदेशात तरी सापडत नाही आणि सापडण्याची आशाही फारशी नाही. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे काहीच नाही?" त्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, "आहे ना! आपल्याकडे शहामृग आहे."

आता वर्ग पहिल्यापेक्षा मोठ्याने हसला. शिक्षकही हसले. शहामृग आफ्रिकेतला, हे तर पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. पण आम्ही थट्टा करत नव्हतो. हा खानदेशी शहामृग कसा ओळखला गेला आणि तो पाहायला नरडाण्याहून कोणत्या वाटेने जायचे, ते या लेखात सांगायचे आहे.

डायनोसॉर का नाही?

आधी त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर पुरे करू. नरडाण्याच्या काळ्या जमिनीखाली बेसॉल्ट म्हणजे काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. यातल्या काही भेगांत लाव्हा तसाच थिजून राहिला. आजूबाजूचा खडक झिजल्यावर त्या भेगा आज भिंतीसारख्या उभ्या दिसतात. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक डाइकची नोंद झालेली आहे. रेल्वेने किंवा आग्रा रोडने जाताना सपाट शेतांतून मधेच सरळ रेषेत गेलेली काळ्या धोंड्यांची टेकडी दिसली, तर ती बहुधा डाइक असते.

तप्त लाव्ह्यात प्राण्याचे अवशेष टिकत नाहीत. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचली आणि त्यांत गाळ बसला, तरच त्या गाळात जीवाश्म मिळतात. नागपूरजवळ ताकळी येथे आणि मुंबईत वरळी येथे असे थर आहेत. वरळीच्या थरात तर बेडकांचे सांगाडे सापडले आहेत. डायनोसॉरसाठी मात्र लाव्ह्याच्या खालचे किंवा लाव्ह्याच्या वेळचे गाळाचे थर उघडे पडलेले हवेत. ते पाहायला आग्रा रोडने सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्यातल्या बाघच्या बाजूला जावे लागते. तिथे समुद्री शिंपले आहेत आणि डायनोसॉरची अंडीही आहेत.

खानदेशच्या वाट्याला आले आहे ते त्यानंतरचे पान. तापी, पांझरा, बोरी, गिरणा या नद्यांनी गेल्या काही लाख वर्षांत आणून टाकलेली खडी, वाळू आणि गाळ बेसॉल्टवर पसरलेला आहे. माणूस या प्रदेशात वावरू लागला तो याच काळात. त्यामुळे इथे जीवाश्म शोधणे आणि माणसाची हत्यारे शोधणे ही दोन कामे वेगळी करता येत नाहीत.

आपल्या आधी चालून गेलेले लोक

ही पाने वाचायला लोक आले ते बहुतेक पायी, घोड्यावर किंवा बैलगाडीने. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम ब्लॅनफर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांत तापीचे आणि नर्मदेच्या खालच्या अंगाचे खोरे पालथे घातले. १८६९ साली त्यांचा या प्रदेशावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. खडक कोणता, गाळ कुठवर, हे त्यांचे प्रश्न होते. माणसाची दगडी हत्यारे हा विषय तेव्हा नुकताच जन्माला येत होता. याच सर्वेक्षणातले रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे एक घडवलेला दगड सापडला आणि भारताच्या अश्मयुगाचा अभ्यास सुरू झाला. महाराष्ट्रात तो रुजायला पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे विद्यार्थी गोदावरी-प्रवरेच्या काठांनी हिंडले. गंगापूर, नेवासे ही नावे त्यांच्यामुळे अश्मयुगाच्या नकाशावर आली.

खानदेशाच्या वाट्याला एस. ए. साळी आले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात असताना त्यांनी धुळे जिल्ह्यातले नदीकाठ आणि नाले हिंडून अश्मयुगीन स्थळांच्या नोंदी केल्या. या कामात गाजावाजा नसतो. दरड पाहायची, थर मोजायचे, दगड उचलून पाहायचा, चिठ्ठी लिहायची आणि पुढच्या नाल्याला जायचे. बहुतेक दिवस हाती काही लागत नाही. पण अशा हजार दिवसांनंतर कुठे खणावे हे कळू लागते. १९७२-७३ साली साळींनी जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे उत्खनन केले.

नरडाण्याहून निघताना

त्या शाळेतल्या शिक्षकांबरोबर आम्ही पाटण्याला निघालो. नरडाण्याहून एस.टी.ने धुळे आणि धुळ्याहून चाळीसगावच्या शाखामार्गावरची गाडी. कळण्याची भाकरी, ठेचा आणि प्रत्येकाकडे एक वही एवढेच सामान होते.

धुळ्याच्या अलीकडे पांझरेच्या काठावर थोडा वेळ थांबलो. नदीने कापलेली दरड उन्हात स्वच्छ दिसत होती. तळाशी गोट्यांची खडी, तिच्यावर पिवळसर गाळ, त्यात चुनखडीचे पांढरे खडे आणि सर्वांत वर काळी माती. मुलांना थर शिकवताना आपण फळ्यावर आडव्या रेषा काढतो. इथे त्या रेषा नदीनेच काढून ठेवल्या होत्या. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. हा साधा नियम पाळला की दरडीचे पुस्तक होते.

इथे आम्हाला आमचीच एक जुनी चूक आठवली, ती शिक्षकांना सांगितली. विद्यार्थिदशेत असताना अशाच एका नदीकाठावर आम्ही दिवसभर हिंडून दगडी छिलक्यांची पिशवी भरली. खडीतले, गाळातले, पायथ्याशी घरंगळलेले असे सगळे एकाच पिशवीत टाकले. चिठ्ठी एकही लिहिली नाही. परतल्यावर मोठ्या अभिमानाने पिशवी टेबलावर रिकामी केली. सरांनी एक छिलका उचलून एवढेच विचारले, "हा कुठल्या थरातला?" आम्हाला सांगता येईना. दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग त्यांनी सगळे दगड पुन्हा पिशवीत भरले आणि म्हणाले, "आता हे फक्त दगड आहेत." त्या दिवशी आम्ही काही शोधले नव्हते, काही हजार वर्षांच्या नोंदी पुसून आलो होतो. ते दगड परत त्यांच्या जागी ठेवणे आता कोणालाच शक्य नव्हते. पाटण्याची गोष्ट ऐकताना ही पिशवी ध्यानात ठेवावी.

पाटण्याचा पायथा

चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे आहे. बहुतेक लोक इथे पाटणादेवीच्या दर्शनाला येतात. हा परिसर आता गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मोडतो आणि पितळखोऱ्याची लेणी जवळच आहेत. गणिताच्या शिक्षकांना हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ स्थापला. तसे सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांशी आपली गाठ थोड्या वेळाने पुन्हा पडणार आहे.

डोंगरावरून वाहून आलेली खडी आणि माती पायथ्याशी थराथरांनी साचली होती. साळींनी ती खणली, तेव्हा तळापासून वरपर्यंत हत्यारे बदलत गेलेली दिसली. खाली मध्य पुराश्मयुगातले जाडसर छिलके, त्यावर उत्तर पुराश्मयुगातली लांबट पाती आणि सर्वांत वर नखाएवढी सूक्ष्मास्त्रे. कॅल्सेडनी, जास्पर, अकीक असे गारगोटीच्या जातीचे दगड बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार होतात, तीच त्यांची कच्ची सामग्री. एकाच ठिकाणी, एकावर एक, न तुटता मिळालेली अशी मालिका दुर्मिळच. आणि यातल्या उत्तर पुराश्मयुगाच्या थरांत दगडांबरोबर मिळाले शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे. काही तुकडे गोल घासून, मधे भोक पाडून मणी केलेले होते. एका तुकड्यावर तर समांतर रेषांच्या चौकटीत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषा कोरलेल्या होत्या.

तुकड्यावरून अंडे

शिक्षकांपैकी एकाने रास्त शंका काढली. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यावरून ते शहामृगाचेच अंडे हे कसे ठरवायचे? मोराचे किंवा दुसऱ्या एखाद्या मोठ्या पक्ष्याचे का नाही?

पहिली खूण जाडी. कोंबडीच्या अंड्याचे कवच मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढे असते. शहामृगाचे सुमारे दोन मिलिमीटर, म्हणजे बशीसारखे. दुसरी खूण सूक्ष्मदर्शकाखालची. कवचातून हवा आतबाहेर जाण्यासाठी जी सूक्ष्म छिद्रे असतात त्यांची रचना आणि कवचातल्या कॅल्साइटच्या स्फटिकांची मांडणी पक्ष्यापक्ष्यांत वेगळी असते. तिसरी खूण वर्गात करून पाहण्याजोगी आहे, ती म्हणजे वक्रता.

वर्तुळाचा लहानसा तुकडा हाती असेल तर पूर्ण वर्तुळाचा व्यास काढता येतो. तुकड्याच्या दोन टोकांना जोडणारी सरळ रेषा ही जीवा. जीवेच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची हा शर. जीवेच्या अर्ध्याचा वर्ग करावा, त्याला शराने भागावे आणि भागाकारात शर मिळवावा, की व्यास मिळतो. समजा, तुकड्याची जीवा ३ सेंटिमीटर आणि शर ०.१६ सेंटिमीटर आहे. अर्धी जीवा १.५, तिचा वर्ग २.२५, भागिले ०.१६ म्हणजे सुमारे १४. त्यात शर मिळवून व्यास १४ सेंटिमीटरांहून किंचित जास्त. एवढे मोठे अंडे घालणारे पक्षी जगात मोजकेच! अंडे पूर्ण गोल नसल्याने हे उत्तर अंदाजी असते, पण कोंबडी आणि मोर बाद करायला पुरेसे आहे.

हा नियम 'लीलावती'त दिलेला आहे, हे सांगितल्यावर शिक्षक एकमेकांकडे पाहू लागले. ज्यांचा ग्रंथ शिकवण्यासाठी या गावात मठ स्थापला गेला, त्यांच्याच नियमाने या गावात सापडलेले अंडे मोजता येते. हा योगायोग आहे, पण वर्गात सांगण्याजोगा आहे. प्रात्यक्षिकासाठी कोंबडीच्या अंड्याचे कवच घ्यावे. दोन सेंटिमीटर जीवेच्या तुकड्याचा शर साधारण पाव सेंटिमीटर भरतो आणि व्यास सव्वाचार-साडेचार सेंटिमीटर येतो.

वय कसे कळले?

हाड कुजते. काळ्या मातीत तर फारच लवकर, कारण ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि आतले सारे घुसळून काढते. कवच मात्र कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि त्यात पक्ष्याच्या शरीरातून आलेला कार्बन अडकलेला असतो. या कार्बनपैकी अत्यल्प भाग कार्बन-१४ या किरणोत्सारी प्रकारचा. पक्षी अन्नातून तो सतत घेत असतो. अंडे घातल्यानंतर त्या कवचात नवी भर पडत नाही, जुन्याचा ऱ्हास तेवढा चालू राहतो. दर ५,७३० वर्षांनी उरलेल्यातला निम्मा संपतो. चार वेळा निम्मा झाला की सोळावा हिस्सा राहतो आणि तोवर सुमारे २३ हजार वर्षे उलटलेली असतात. पाटण्याच्या कवचात सोळाव्या हिश्शाहूनही कमी उरला होता. त्यावरून वय आले सुमारे २५ हजार कार्बन-वर्षे. वातावरणातले कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते, हे नंतर उमगले. ती दुरुस्ती केली की हा काळ सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीचा ठरतो.

म्हणजे कवचाने एकाच वेळी तीन साक्षी दिल्या. पहिली, इथे शहामृग होता. दुसरी, त्या थरातल्या दगडी पात्यांचे वय. तिसरी साक्ष हवामानाची. शहामृग दाट जंगलातला पक्षी नव्हे. त्याला दूरवर दिसणारी मोकळी, कोरडी गवताळ जमीन लागते. हा काळ शेवटच्या हिमयुगाच्या कडाक्याकडे जाणारा. तो कडाका सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी शिगेला पोहोचला, तेव्हा समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली गेली होती, खंबायतच्या आखाताच्या जागी कोरडी जमीन होती आणि मोसमी पाऊस क्षीण झाला होता. अशा जगात खानदेशच्या माळावर शहामृग पळत होते, याचे नवल वाटू नये.

तरीही काहींना शंका होती की, अंडी किंवा मणी दुरून आणलेले असतील. पण शहामृगाची कवचे राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातल्या अनेक स्थळांवर मिळाली आहेत. २०१७ साली हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्राच्या आणि रुरकीच्या आय.आय.टी.च्या संशोधकांनी भारतीय कवचांतून प्राचीन डीएनए वेगळा केला आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळतो असे दाखवले.

रेषा कोणाच्या?

कोरीव तुकड्याची गोष्ट अधिक सावधपणे सांगायला हवी. भारतात इतरत्र मिळालेल्या बऱ्याच कवचांवरही रेषा आहेत आणि एके काळी त्या सर्व माणसाने कोरलेल्या मानल्या जात. सूक्ष्मदर्शकाने तपासता यातल्या बहुतेक रेषा मातीतल्या बारीक मुळांनी कवच विरघळवून पाडलेल्या निघाल्या. पाटण्याचा तुकडा या परीक्षेत टिकला. त्यावरच्या रेषा हत्याराने ओढलेल्याच आहेत. विज्ञानात पुरावा वाढतो तसा काही वेळा कमीही होतो, आणि उरतो तो अधिक भक्कम असतो, हे मुलांना सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

२००६ साली केंब्रिजचे पॉल मेलर्स यांनी पाटण्याच्या या तुकड्याची तुलना आफ्रिकेतल्या कोरीव वस्तूंशी केली. आफ्रिकेतून निघालेल्या माणसांनी सूक्ष्मास्त्रे आणि ही नक्षी बरोबर आणली असावी, असे त्यांचे म्हणणे. पुढे २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डीपक्लूफ येथील सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीचे २७० कोरीव तुकडे प्रसिद्ध झाले. ते अंड्यांच्या पाणी साठवण्याच्या भांड्यांचे असावेत. कलहारीतले सान लोक अशी भांडी आपल्या काळापर्यंत वापरत आले आहेत. उलट मायकेल पेट्राग्लिया आणि त्यांचे सहकारी म्हणतात की, सूक्ष्मास्त्रे भारतातच, बदलत्या हवामानात आणि वाढत्या लोकसंख्येत घडली. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे ती ३५ हजार वर्षांपूर्वीपासून दिसतात.

आम्हाला दुसरी बाजू अधिक पटते. पाटणे आणि डीपक्लूफ यांच्यात सुमारे तीस हजार वर्षांचे अंतर आहे, आणि छेदणाऱ्या तिरप्या रेषा तर गोधडीच्या टाक्यांत आणि टोपलीच्या विणीतही असतात. दोन माणसांना त्या स्वतंत्रपणे सुचू शकतात. पण वाद मिटलेला नाही, आणि तो मिटवायला आणखी पाटणी सापडायला हवीत.

पुढचे पाटणे

ती कुठे सापडतील? शक्यता अशी की नरडाण्यासारख्याच एखाद्या गावाच्या नाल्यात. आज मात्र या नाल्यांत यंत्रे फिरत आहेत. रस्त्यासाठी मुरूम जातो, नदीतली वाळू जाते, घळी भरून शेते सपाट होतात. शिरपूर तालुक्यात गेल्या दोन दशकांत नाले खोल आणि रुंद करून पाणी जिरवण्याची कामे झाली आणि विहिरींना पाणी आले. दुष्काळाने गांजलेल्या गावाला नाला खोल करू नका असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण यंत्राने नाला कापला की नवी दरड उघडी पडते आणि एक-दोन पावसाळ्यांत ती ढासळते किंवा गवताने झाकली जाते. तेवढ्या मुदतीत ती कोणी वाचली नाही, तर ते पान कायमचे गेले. पुण्या-मुंबईचा संशोधक तिथे वेळेवर पोहोचणार नाही. शाळा मात्र तिथेच असते.

म्हणून शिक्षकांना आमची विनंती अगदी साधी आहे. गावाजवळ नवी दरड उघडी पडली की मुलांना घेऊन एक दुपार तिथे जावे. ढासळत्या दरडीखाली मात्र कोणी उभे राहू नये. थर मोजावेत, प्रत्येकाची जाडी आणि रंग वहीत लिहावा, मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावे. दगडात पाते, छिलका किंवा बशीसारखा पांढरट तुकडा रुतलेला दिसला तर तो उपसू नये. त्याची जागा नोंदवावी आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या विद्यापीठाला कळवावे. खणणे हे परवानगीचे आणि प्रशिक्षित हातांचे काम आहे. अभयारण्यातून तर काहीच उचलायचे नाही.

पाटण्याहून परतताना गाडीत त्या शिक्षकांनी आपल्या शाळेच्या कपाटातल्या एका दगडाची गोष्ट सांगितली. कोण्या माजी विद्यार्थ्याने आणलेली, दोन्ही बाजूंनी सुबक घडवलेली हातकुऱ्हाड. वर्षानुवर्षे ती मुलांना दाखवली जाते. ती कुठे सापडली, हे आता कोणालाच आठवत नाही. नरडाणा येईपर्यंत ते तिच्याविषयीच बोलत होते. उतरताना म्हणाले, "त्या मुलाचा पत्ता काढतो. जागा त्याला तरी आठवत असेल."